दुसऱ्या शनिवारची सेमीफायनल

१

दुसऱ्या सेटमध्ये बाजू बदलताना निकिता ओव्हाळ खुर्चीकडे गेलीच नाही. ती सरळ पंचांच्या शिडीखाली आली, रॅकेट वर धरली आणि म्हणाली, "हे माझं नाही."

पंच जपानी होत्या. त्यांनी वाकून बघितलं. फ्रेम तिचीच होती आणि मुठीवरची निळी पट्टीही तिचीच.

"रॅकेट माझी आहे," निकिता इंग्रजीत म्हणाली, "आतल्या तारांचं गटिंग माझं नाही. तिन्ही रॅकेट्सचं कुणीतरी बदललंय. बॉल फुग्यासारखा उडतोय."

पंचांनी खांदे उडवले. नियमात यावर काही इलाज नव्हता. निकिता परत जाऊन उभी राहिली आणि पुढचे सगळे गेम हरली. सहा-एक, सहा-एक. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये सकाळपासून ऊन खात बसलेलं पुणं पहिल्यांदा गप्प झालं, मग कुजबुजलं आणि शेवटी कुणीतरी वरच्या रांगेतून ओरडलं, "किती मिळाले गं?"

२००७ सालच्या ऑक्टोबरमधला तो दुसरा शनिवार. मेलबर्नपासून सुरू झालेला महिलांच्या टूरचा हंगाम त्या आठवड्यात पहिल्यांदाच पुण्यात आला होता. जानेवारीत जगात शंभरीच्या बाहेर असलेली आपली मुलगी तिसाव्या नंबरावर पोचून घरच्या कोर्टावर सेमीफायनल खेळत होती. हिंजवडीच्या ज्या कंपनीने स्पर्धा भरवली होती, तिने शहरभर निकिताचे फलक लावले होते.

संध्याकाळपर्यंत बातमी फुटली. इंटरनेटवरच्या एका परदेशी बेटिंग कंपनीने या मॅचवरच्या सगळ्या पैजा गोठवल्या होत्या. निकिता हरणार, यावर कुणीतरी आदल्या रात्रीच प्रचंड रक्कम लावली होती.

२

"गुरुवारी टूरचे लोक लंडनहून येतायत," केयूर शहा म्हणाला. तो हिंजवडीच्या त्या कंपनीचा मार्केटिंगप्रमुख आणि स्पर्धेचा संचालक होता. "त्याआधी आपल्याला कळायला हवं, मॅडम. तिने मॅच विकली असेल तर पुढच्या वर्षी पुण्याला टूर्नामेंट मिळणार नाही."

"आणि विकली नसेल तर?" नीरजा साठ्येंनी विचारलं.

"तर... उत्तमच."

"तुमचा चेहरा तसं सांगत नाही."

नीरजाबाईंनी वीस-बावीस वर्षं जगभरच्या कोर्टांवर पंचाच्या खुर्चीत काढली होती. आता त्या निवृत्त होऊन कसबा पेठेत राहत. बाईंना भिडस्तपणा माहीत नव्हता आणि कुणाशी देणंघेणंही नव्हतं, म्हणून केयूरने त्यांना बोलावलं होतं. आपण बोलावलं याचा त्याला पहिल्या पाच मिनिटांतच पश्चात्ताप झालेला दिसत होता.

तिन्ही रॅकेट्स टेबलावर होत्या. नीरजाबाईंनी तळव्याने जाळी दाबली. मग स्पर्धेचे गटिंग करणारे गोपाळकृष्ण मुदलियार यांना बोलावलं.

"निकिता कायम कडक पॉलिएस्टर वापरते," मुदलियार म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी मी तेच घातलं. तिचे कोच अनिरुद्ध पानसे स्वतः घेऊन गेले. हे माझं काम नाही. हे नॅचरल गट आहे, आतड्याचं. बाजारातलं सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. ताणही कमी ठेवलाय."

"तीन रॅकेट्सना वेळ किती लागेल?"

"घाई केली तरी दोन तास. मशिन पाहिजे, माणूस पाहिजे."

केयूर लगेच म्हणाला, "म्हणजे तिनेच बाहेरून करून घेतलं असेल. हरायचं आणि वर रॅकेटचं निमित्त सांगायचं."

"मॅच विकणाऱ्याला निमित्त कशाला लागतं?" नीरजाबाई म्हणाल्या. "चार बॉल बाहेर मारले की झालं. ती मात्र पंचांकडे जाऊन सगळ्या जगाचं लक्ष स्वतःच्या रॅकेटकडे वेधते. एवढी मठ्ठ मुलगी तिसाव्या नंबरावर पोचत नाही."

त्यांनी पुन्हा जाळीवरून बोट फिरवलं. एखाद्याचा घात करायचा तर ब्लेडने एक तार अर्धवट कापली तरी पुरते. हे मऊ, महागडं गट घालायला कोण बसलं असेल?

३

अनिरुद्ध पानसे प्रभात रोडवरच्या त्याच्या अकादमीत भेटला. बोलणं गोड होतं आणि दुःख मोजूनमापून.

"मी शुक्रवारी सहाला रॅकेट्स घेतल्या आणि सातच्या आत तिच्या घरी, विश्रांतवाडीला पोचवल्या. मुदलियारांना विचारा, तिच्या आईला विचारा."

"तासाभरात तुम्हाला बदलता आलं नसतं, हे मला कळतं," नीरजाबाई म्हणाल्या. "तिची तब्येत कशी होती?"

"एकदम फिट. करिअरमधला बेस्ट फिटनेस."

"माघार घ्यायचा काही विचार?"

"घरच्या सेमीफायनलमधून? प्रश्नच नव्हता, मॅडम." त्याने आवाज खाली आणला. "मी दहा वर्षं शिकवलंय तिला. पण माणसाला घडवताना आपल्याला त्याचं खेळणं कळतं, मन कळत नाही. शेवटी संस्कार ज्याचे त्याचे."

नीरजाबाईंनी चष्मा काढून पुसला. "पानसे, मेहेंदळ्यांच्या वल्लरीची रॅकेट अशी निघाली असती, तर तुम्ही रॅकेटला दोष दिला असता. ओव्हाळांच्या मुलीची निघाली म्हणून संस्कार आठवले. चालू द्या."

वल्लरी मेहेंदळे निकिताची दुहेरीतली जोडीदार. सगळा हंगाम दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. शनिवारी दुपारी बारा वाजता तिनेच निकिताला घरून गाडीत घेतलं होतं. शिवाय ती स्वतः नॅचरल गटनेच खेळायची. केयूरला ही गोष्ट फारच आवडली होती.

"घ्या, मीच केलं म्हणा," वल्लरी तडकून म्हणाली. "विश्रांतवाडी ते बालेवाडी गाडी चालवत असताना, सिग्नलला थांबून थांबून गटिंग केलं. आणि दुसऱ्या दिवशी आमची डबल्सची फायनल होती, ती निकिता आली नाही म्हणून सोडावी लागली. माझ्या आयुष्यातली पहिली मोठी फायनल. माझा फायदाच फायदा!"

"कोर्टावर जायच्या आधी तिला कळलं कसं नाही?"

"सरावाला आम्ही जुन्या रॅकेट्स वापरतो. नव्या गटिंगच्या मॅचमध्येच काढतो."  तिचा आवाज उतरला. "मी तिला मऊ गट घाल म्हणून सांगितलं होतं, हे खरं आहे. दोहामध्ये, फेब्रुवारीत. मग उन्हाळ्यात तिच्या घरी जेवताना पुन्हा. दोन्ही वेळा माझ्यावर खेकसली. म्हणाली, बॉलवरचा ताबा जातो."

"मऊ गट कशासाठी?"

वल्लरीने मान फिरवली. "ते तिला विचारा. मी शब्द दिलाय."

४

केयूरच्या कंपनीने जाहिरातीसाठी निकिताच्या वर्षभरातल्या मॅचेस सीडींवर घेऊन ठेवल्या होत्या. नीरजाबाईंनी मंगळवार त्यांच्यापुढे काढला. मेलबर्नच्या उन्हातली निकिता सर्व्हिस करताना पूर्ण ताणून वर जायची आणि पाठीवरची जाड वेणी उसळायची. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात उंची जरा कमी झाली. मे महिन्यात पॅरिसच्या लाल मातीवर कोपर खाली आलं होतं आणि वेणी गेली होती. केस मानेपर्यंत कापलेले. जूनमध्ये इंग्लंडच्या गवतावर ती प्रत्येक सर्व्हिसनंतर डावा हात उजव्या दंडाशी नेत होती.

"जाहिरातीसाठी तिला केस कापायला लावलेत का हो?" त्यांनी केयूरला फोनवर विचारलं.

"उलट, मॅडम! वेणीवरच तर सगळी जाहिरात होती. कापल्यावर नव्याने शूट करावं लागलं."

त्या तशाच विश्रांतवाडीला गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा नीटनेटका फ्लॅट. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली काचेच्या कपाटात करंडक. निकिताचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. आई शालन सिंचन खात्यात क्लार्क. खडकवासल्याच्या सरकारी वसाहतीत साहेब लोकांसाठी एक सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर बॉल मारत निकिता टेनिस शिकली होती, कारण आतल्या बाजूला तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"शनिवारी सकाळी घरी कोण होतं?" नीरजाबाईंनी विचारलं.

"ही झोपलेली होती," शालनताई म्हणाल्या. "अकरापर्यंत उठलीच नाही. मी ऑफिसला गेले होते. अर्जंट काम होतं. बारा वाजायच्या आत परत आले, तिला जेवायला वाढायला." त्या चहा टाकायला उठल्या.

"मी काही केलं नाही, मॅडम," निकिता म्हणाली. शेजारपाजारच्या माणसांनी तीन दिवसांत जे बोलायचं ते बोलून घेतलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "कुणी मानत नाही."

"मी अजून काही मानलेलं नाही. तो कपाटावरचा मोठा करंडक काढ बरं, बघू दे."

निकिता उठली आणि तिने डावा हात वर केला.

"उजव्याने."

निकिताने हात खाली घेतला. म्हणाली, "खांद्याच्या वर जात नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत दुखायला लागला. एप्रिलपासून वेणी घालता येईना, म्हणून केस कापले. वल्लरीला माहीत होतं. सरांना माहीत होतं. सर म्हणाले, बोललीस तर स्पॉन्सर जाईल, नंबर जाईल, हंगाम संपेपर्यंत रेट."  "शुक्रवारी संध्याकाळी मी सरांना सांगितलं, उद्या खेळत नाही. अगदी याच शब्दांत. ते रॅकेट्स घेऊन इथे आले, तासभर समजावत बसले. सकाळपर्यंत विचार कर म्हणाले. रात्री फोन करून म्हणाले, डॉक्टरांची सोय केलीय. स्टेडियमवर गेल्यावर खांद्यात इंजेक्शन दिलं. हात बधिर झाला. सुरुवातीला मला वाटलं, म्हणूनच बॉल उडतोय."

 अनिरुद्ध पानसे म्हणाला होता, माघारीचा प्रश्नच नव्हता.

५

बुधवारी सकाळी त्या पुन्हा अकादमीत गेल्या. या वेळी बसल्या नाहीत.

"पानसे, माझ्या मनात एक साधा हिशेब आहे. पैसे लागले शुक्रवारी रात्री. रॅकेट्स सातपासून तिच्या घरी होत्या आणि रात्री गटिंगची दुकानं बंद असतात. तेव्हा पैसे लावणाऱ्याला रॅकेटचं काही माहीत नव्हतं. त्याला खांद्याचं माहीत होतं. ती खेळली तर हरणार, हे त्याला माहीत होतं. पण तिने माघार घेतली असती तर मॅचच झाली नसती, आणि मॅच झाली नाही तर पैजा रद्द. म्हणून ती कोर्टावर उतरणं त्याला तिच्या हरण्याइतकंच गरजेचं होतं. तिला कोर्टावर कुणी उतरवलं?"

अनिरुद्ध हसला नाही, चिडलाही नाही. "वल्लरीलाही खांद्याचं माहीत होतं."

"माघारीचं नव्हतं. ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आणि तेच तुम्ही माझ्यापासून लपवलंत."

"सिद्ध करा," तो म्हणाला. "इंजेक्शन नियमात बसतं. दुखापत लपवणंही नियमात बसतं, सगळेच लपवतात. माझ्या नावावर एक रुपयाची पैज सापडणार नाही. तुम्ही रॅकेट्स बदलणारा शोधायला निघाला होता ना? तो मी नाही. लंडनवाल्यांना तोच हवाय."

हे मात्र खरं होतं. बाहेर रिक्षाची वाट बघताना नीरजाबाईंनी पुन्हा सगळं मनात लावून पाहिलं. पानसेकडे रॅकेट्स होत्या त्या वेळात गटिंग होणं शक्य नव्हतं. वल्लरीकडे तर त्याहून कमी वेळ. उरलं घर. निकिताने स्वतः बदललं असतं, तर ती पंचांकडे गेली नसती. मऊ गटने दंडाला हिसके कमी बसतात, हे वल्लरीने त्या घरी जेवताना सांगितलं होतं, आणि जेवायला वाढणाऱ्या माणसाने ते ऐकलं होतं.

रिक्षा सिंचन खात्याच्या कचेरीवरून गेली. फाटकातून माणसं आत शिरत होती. नीरजाबाईंना एकदम शनिवारची तारीख आठवली. तेरा ऑक्टोबर, महिन्यातला दुसरा शनिवार. सरकारी कचेरीला सुट्टी.

"रिक्षा फिरवा," त्या म्हणाल्या. "विश्रांतवाडी."

६

निकिता खांद्याचा एमआरआय काढायला गेली होती. शालनताईंनी रजा घेतली होती. दार उघडल्यावर नीरजाबाईंच्या तोंडाकडे बघूनच त्या समजल्या आणि खुर्चीत बसल्या.

"कॅम्पातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले होते," त्या म्हणाल्या. "दुकान उघडायच्या आधीपासून बाहेर उभी होते. म्हटलं, सगळ्यात मऊ घाला. पैसे किती ते विचारू नका."

"का, शालनताई?"

"शुक्रवारी ते सर आले तेव्हा मी आत भाकरी करत होते. सगळं ऐकू येत होतं. पोरगी रडत होती, मला खेळायचं नाही म्हणत होती. ते म्हणाले, एवढ्यासाठी तुला वर आणली का? मग रात्री मी तिला म्हटलं, नको जाऊ. तर मलाच म्हणाली, आई, तुला यातलं काय कळतं." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "खरं आहे. मला काहीच कळत नाही. वल्लरी एकदा म्हणाली होती, मऊ घातलं की खांदा वाचतो, तेवढंच माझ्या लक्षात होतं. वाटलं, हिला न सांगता घातलं तर चार फटके कमी लागतील. हरली तर हरू दे, हात तरी राहील. मॅडम, हिचे बाबा गेले तेव्हा हिने त्याच हाताने माती दिलीय. तो हात मी खालीच बघायचा का जन्मभर?"

"पैजेचं तुम्हाला माहीत नव्हतं."

"संध्याकाळी टीव्हीवर कळलं. पोरीला चोर म्हणत होते. तेव्हाच उठून सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तिला कळलं असतं ना, की तिची मॅच मी घालवली." त्यांनी वर बघितलं. "तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार," नीरजाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगायचंय. उद्या लंडनचे लोक यायच्या आत."

निकिता दुपारी आली. एमआरआयचा रिपोर्ट तिने टेबलावर टाकला. आतला स्नायू फाटलेला होता. ऑपरेशन लागणार होतं आणि नंतर पूर्वीसारखी सर्व्हिस होईल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. शालनताईंनी बसूनच, एकेक वाक्य करत, सगळं सांगितलं. 

"म्हणजे खांदाही गेला आणि मॅचही गेली," शेवटी निकिता म्हणाली.

"निकी, मला वाटलं..."

"सगळ्यांना माझ्या हाताबद्दल काही ना काही वाटत होतं. सरांना वाटलं, तुला वाटलं. मला कुणी विचारलं?" ती नीरजाबाईंकडे वळली. "आईचं नाव आलं तर काय होईल?"

"तुझ्यावरचा मॅच विकल्याचा डाग बराचसा पुसला जाईल. पण त्यांना आईची साक्ष लागेल, नाव बाहेर जाईल. पैसे आणि गटिंग एकाच कटातलं, असंही कुणी म्हणेल. सरकारी नोकरी आहे, चौकशी लागू शकते."

"आणि मी म्हटलं, मीच बदलून घेतलं? खांदा दुखत होता म्हणून?"

"खेळाडूने कुठलं गटिंग घालावं, यावर बंधन नाही. तुझ्यावर बंदी येणार नाही. पण पंचांपुढे, सगळ्या स्टेडियमपुढे तू खोटं बोललीस, असं होईल. कायमचं. आणि पानसे मोकळा सुटेल. खोटं बोलणाऱ्या मुलीने पुढे माघारीचं सांगितलं तरी कोण ऐकणार?"

"तो तसाही सुटणार आहे ना?"

नीरजाबाईंना खोटं बोलता आलं नाही. "बहुतेक."

"मग लिहा. मीच बदलून घेतलं."

"निकी, असं नको करू," शालनताई उठल्या. "मी सांगते ना सगळ्यांना. जाऊ दे माझी नोकरी."

"आई, तू आता माझ्यासाठी काही करू नकोस." निकिताचा आवाज वर गेला नाही. "कधीच."

७

गुरुवारी लंडनचे लोक आले, चहा-बिस्किटं घेऊन निकिताचा कबुलीजबाब लिहून गेले. पैसे कुणी लावले, ते पुराव्याअभावी तसंच राहिलं. नीरजाबाईंनी आपल्या अहवालात शुक्रवारच्या माघारीबद्दल एक पान लिहिलं होतं. केयूरने ते वाचलं, "फारच छान, मॅडम" म्हणाला आणि ते पान न जोडता अहवाल पाठवला. शहरातले फलक आठवडाभरात उतरले. त्या जागी मोबाइलची जाहिरात आली.

जानेवारीत नवा हंगाम मेलबर्नपासून सुरू झाला. नीरजाबाईंनी टीव्ही लावला. दिल्लीची एक सतरा वर्षांची मुलगी पहिल्या फेरीत खेळत होती. तिच्या माणसांच्या रांगेत अनिरुद्ध पानसे पांढरी टोपी घालून बसला होता आणि प्रत्येक पॉइंटला टाळ्या वाजवत होता. बाईंनी टीव्ही बंद केला नाही. पूर्ण मॅच बघितली आणि प्रत्येक सर्व्हिसला त्या मुलीचं कोपर कुठे जातं, तेवढंच पाहत राहिल्या.

निकिता ऑपरेशननंतर बंगळुरूला गेली. एका शाळेत लहान मुलांना शिकवते, असं वल्लरीकडून कळलं. ती अधूनमधून नीरजाबाईंना फोन करायची. टेनिसचं फारसं बोलायची नाही. आईचं अजिबात नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी शालनताई कसब्यात आल्या, पत्ता विचारत विचारत. सरबताचा पेला तसाच हातात धरून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. कचेरीतलं, विश्रांतवाडीतल्या पाण्याचं. उठताना दाराशी थांबल्या.

"ती तुम्हाला फोन करते का हो?"

"करते."

"माझा उचलत नाही. पैसे मात्र पाठवते दर महिन्याला, न चुकता." त्यांनी चपलेत पाय घातला. "मॅडम, आवाज कसा वाटतो तिचा?"

"बरा वाटतो," नीरजाबाई म्हणाल्या.

"हात वर जातो का, विचारलंत कधी?"

"नाही विचारलं."

"विचारा हं," शालनताई म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणू नका."

आणि त्या जिना उतरून गेल्या.